सोनारानेच कान टोचले

गेला पंधरवडा इथे काहीच लिहिलं नाही. संभाजीनगरच्या अक्कांनी काळजीने फोनही केला. तब्येत ठणठणीत आहे, अक्का. कारण वेगळंच होतं. आमच्या नातवाने मला कामाला लावलं होतं.

नातू पुण्याला एका कंपनीत आहे. ही कंपनी कुठली वस्तू बनवत नाही आणि विकतही नाही. जगात कुठली वस्तू किती खपते आणि पुढच्या सात-आठ वर्षांत किती खपेल, याचे अहवाल लिहिते आणि परदेशी गिऱ्हाइकांना डॉलरमध्ये विकते. अशा बऱ्याच कंपन्या पुण्यात आहेत म्हणे. एका महिन्यात पोरगं टूथब्रशच्या बाजारात असतं, तर दुसऱ्या महिन्यात कोंबड्यांच्या खाद्याच्या. या खेपेला त्याचा फोन आला, "आबा, तुम्ही शाळेत विज्ञान शिकवायचात ना? मग सोनार म्हणजे काय ते मला सोप्या भाषेत सांगा. जहाजांवरच्या आणि नौदलाच्या सोनारचा जागतिक बाजार लिहायचाय."

मी म्हटलं, "सोनाराचं मला काय विचारतोस? आजीला विचार. तिने जास्त हेलपाटे घातलेत."

गंमत बाजूला ठेवू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मी बी.ए., तेही मराठी माध्यमातून. विषय मराठी आणि इतिहास. पण शाळेत विज्ञानाची जागा वर्षानुवर्षं रिकामी, तेव्हा हेडमास्तरांनी नववीचं विज्ञान माझ्या गळ्यात घातलं. रात्री कंदिलाच्या उजेडात धडा वाचायचा आणि सकाळी शिकवायचा. त्यामुळे झालं असं, की जे मला स्वतःला समजलं तेवढंच मी शिकवलं. पण ते नीट शिकवलं, असं अजूनही वाटतं.

ध्वनीच्या धड्यात सोनार यायचा. पाण्यात आवाज सोडायचा, तो एखाद्या वस्तूवर आपटून परत येतो, त्याला लागलेला वेळ मोजायचा, झालं. आमच्या पोरांनी समुद्र पाहिलेला नाही. जिथे विहिरीलाच पाणी नाही तिथे समुद्र कुठला! पण विहीर मात्र प्रत्येकाच्या ओळखीची. कोरड्या खोल विहिरीत वाकून हाक मारली की ती परत येते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग गणित घालायचो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. प्रतिध्वनी ४ सेकंदांनी आला, तर समुद्र किती खोल? अर्धा वर्ग ओरडायचा, "सहा हजार!" मग मी म्हणायचो, "अरे, आवाज गेला आणि परत आला. दोनने कोण भागणार, तुमचा मामा?" उत्तर तीन हजार मीटर. ही "दोनने भागा"ची ओरड मी तीस वर्षं केली.

नातवाला एवढं सांगितलं, तो खूश झाला. आठ दिवसांनी त्याने अहवालाचा कच्चा मसुदा पाठवला. बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून त्याची प्रिंट काढून आणली आणि पेन घेऊन बसलो. जुनी सवय. पेपर हातात आला की तपासायचाच.

मसुदा इंग्रजीत होता, पण समजला. बाजार आज किती डॉलरचा, दरसाल किती टक्क्यांनी वाढणार, मोठे विक्रेते कोण. फ्रान्सची थेल्स, जर्मनीची अॅटलास इलेक्ट्रॉनिक, नॉर्वेची काँग्सबर्ग, जपानची फुरुनो, अमेरिकेच्या तर कितीतरी. आपली बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स. मी विचारलं, "बाबा रे, हा आकडा आला कुठून?" तो थोडा घुटमळला. शेजारच्या कंपनीचा आकडा वेगळा आहे, तिसरीचा आणखी वेगळा. नौदलं आपापली खरेदी पूर्ण सांगत नाहीत, त्यामुळे बराचसा अंदाजच. मला आपली म्हण आठवली, बाजारात तुरी...

पण त्यात नवल नाही. नेकनूरच्या जनावरांच्या बाजारात लहानपणी मी वडिलांबरोबर जायचो. तिथे हेडी आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव करायचे. बघे शंभर, पण खरा भाव दोघांनाच माहीत. तरीही बाजार उठेपर्यंत प्रत्येक बघ्याकडे बैलजोडीचा "पक्का" आकडा असायचाच! शस्त्रास्त्रांचा बाजारही असाच उपरण्याखालचा आहे. म्हणून आकड्यांवरून मी पोराला फार छळलं नाही. मला खटकलं ते दुसरंच. ते सांगण्यासाठीच हा लेख.

आधी गिऱ्हाईक कोण ते पाहू. साधं गिऱ्हाईक म्हणजे मच्छीमार आणि व्यापारी जहाज. ३०० टनांच्या वरच्या जहाजावर खाली पाणी किती आहे ते मोजणारं यंत्र असलंच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. म्हणजे आपला "दोनने भागा"वालाच प्रकार. मासे शोधणारं यंत्र जपानच्या फुरुनोने १९४८ साली बाजारात आणलं. आज कोकणातल्या ट्रॉलरवर तांडेलाच्या समोर तसाच पडदा असतो. बंदराची खाडी किती गाळाने भरली, तळाशी काय पडलंय, हेही सोनारनेच पाहतात. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात मुंबईपासून दूर समुद्रात पी-३०५ नावाचा बार्ज बुडाला आणि कितीतरी कामगार गेले. तेव्हा तळाशी त्याचा शोध घ्यायला नौदलाचं मकर हे जहाज असाच सोनार घेऊन गेलं होतं. ज्यांची माणसं सापडत नव्हती, त्यांच्यासाठी त्या यंत्राची किंमत कुठल्या अहवालात मांडणार?

आमच्या बीड जिल्ह्यात बोअर घ्यायच्या आधी पाणाड्याला बोलावतात. तो हातात नारळ घेऊन रानात फिरतो आणि पाणी कुठे ते सांगतो. आम्हाला जमिनीत पाणी शोधायचं असतं आणि त्यांना पाण्यात काय आहे ते शोधायचं असतं. फरक एवढाच, की पाणाड्या चुकला तर बोअर कोरडं जातं. सोनार चुकला तर जहाज जातं.

म्हणजे आलो आपण मोठ्या गिऱ्हाइकावर. नौदल.

पाणबुडी पाण्याखाली असते. तिथे रडारच्या लहरी पोहोचत नाहीत, डोळ्यांचा उपयोग नाही. उरतो फक्त कान. सोनारच्या दोन तऱ्हा आहेत. एक, स्वतः आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनी ऐकायचा. दुसरी, स्वतः गप्प राहून नुसतं ऐकायचं. पहिल्या तऱ्हेत एक धोका आहे. रात्री राखणीला गेलेला माणूस बॅटरी लावतो, तेव्हा त्याला चोर दिसेल न दिसेल, पण चोराला तो नक्की दिसतो! म्हणून पाणबुडी सहसा गप्प राहून ऐकते.

आणि समुद्र हा काही काचेच्या भांड्यातलं पाणी नव्हे. वरचं पाणी तापतं, खालचं थंड राहतं. आवाज सरळ जायचा सोडून थंड पाण्याकडे वाकतो. त्यामुळे मध्ये असा भाग तयार होतो, की जिथे आवाज पोहोचतच नाही. झाडाच्या सावलीसारखी आवाजाची सावली. पाणबुडी तिथे जाऊन बसली की संपलं. अमेरिकेच्या नौदलाला १९३० च्या दशकात क्यूबाजवळच्या समुद्रात असा अनुभव आला, की सकाळी उत्तम चालणारा सोनार दुपारी मान टाकतो. मला वाचताना आधी वाटलं, दुपारी जेवून ऑपरेटरच पेंगत असतील, आमच्या सहाव्या तासाच्या पोरांसारखे. पण तसं नव्हतं. दुपारच्या उन्हाने वरचं पाणी तापायचं आणि आवाज खाली वळायचा. वूड्स होल नावाच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ते कोडं सोडवलं.

आता विचार करा. थंड उत्तर अटलांटिक समुद्रात वाढलेलं तंत्र आपल्या तापणाऱ्या अरबी समुद्रात आणलं तर काय होईल? देशावरच्या थंडीतलं बियाणं मे महिन्यात पेरल्यासारखंच की! यंत्र चांगलं असेल, पण त्याला इथलं पाणी माहीत नाही.

याची किंमत आपण एकदा मोजली आहे. नातवाच्या मसुद्यात मी तेच शोधत होतो.

डिसेंबर १९७१. मी बीडला कॉलेजात होतो. खोलीवर आम्ही चौघे आणि एक ट्रान्झिस्टर. ४ डिसेंबरला आपल्या नौदलाने कराचीवर हल्ला केला, तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. समुद्र चौघांपैकी एकानेही पाहिला नव्हता! आणि मग खुकरीची बातमी आली. खोलीत कुणी काही बोललं नाही, एवढं लख्ख आठवतं.

खुकरी ही पाणबुडीविरोधी युद्धनौका. ८ डिसेंबरला ती आणि तिची जोडीदार किरपान मुंबईहून निघाल्या, त्या पाणबुडीच्या शोधातच. ९ तारखेच्या रात्री पावणेनऊच्या सुमारास दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने टॉर्पेडो मारला आणि काही मिनिटांत खुकरी बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. शोधायला निघालेली नौका स्वतःच आधी सापडली. कारण हंगोरने खुकरीला आधी ऐकलं होतं.

खुकरी बांधली ब्रिटनने, तिच्यावरचा सोनार ब्रिटिश. हंगोर बांधली फ्रान्सने. आपली माणसं आणि त्यांची माणसं, पण दोघांचेही कान बाजारातून विकत आणलेले. त्यात त्यांचा कान सरस ठरला.

आणखी एक गोष्ट मला नंतर कळली. ती वाचल्यापासून मनातून जात नाही. खुकरीवर लेफ्टनंट व्ही. के. जैन नावाचा तरुण अधिकारी होता. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात काम करून त्याने त्या ब्रिटिश सोनारचा पल्ला वाढवणारं उपकरण तयार केलं होतं. त्याची चाचणी घ्यायला तो स्वतः जहाजावर होता. तोही गेला. जहाजाचा वेग त्या वेळी कमी ठेवला होता. कारण जहाज जितकं जोरात, तितका त्याचा स्वतःचाच आवाज, आणि तितकं ऐकू कमी. त्या कमी वेगावरून पुढे पुष्कळ वाद झाले. मला त्या वादात पडायचं नाही, तेवढा माझा अधिकार नाही. मला एवढंच दिसतं, की विकत आणलेला कान अपुरा आहे हे आपल्या माणसांना कळलेलं होतं. युद्धाच्या मध्यावर ती माणसं तो दुरुस्त करत होती.

आपण म्हणतो ना, सोनारानेच कान टोचावेत. १९७१ साली सोनारने आपले कान टोचले. रक्त आलं, पण देश ऐकू लागला.

कसा, तेही सांगतो. आरोग्यस्वामी पॉलराज नावाचे नौदलाचे तरुण अधिकारी होते. तमिळनाडूचे, पण पंधराव्या वर्षी आपल्या खडकवासल्याच्या एनडीएत आलेले. दिल्लीच्या आयआयटीत त्यांनी पीएचडी केली. युद्धानंतर नौदलाने त्यांना त्याच जातीच्या ब्रिटिश सोनारमध्ये सुधारणा करायला सांगितलं आणि ती त्यांनी करून दाखवली. मग कोचीच्या नौदल प्रयोगशाळेत त्यांच्या नेतृत्वाखाली अख्खा नवीन सोनार तयार झाला. नाव अप्सोह. भारत इलेक्ट्रॉनिक्सने तो बनवला आणि तो बसला गोदावरी वर्गाच्या युद्धनौकांवर. या नौका मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधल्या. गोदावरी, गंगा, गोमती.

आमच्या जिल्ह्याची उत्तरेची शीव म्हणजे गोदावरी. त्या नावाच्या नौकांना आपल्या घरचा कान मिळाला, हे वाचून मला उगाचच बरं वाटलं. माणूस कुठे कुठे नातं जोडतो पाहा!

हेच पॉलराज पुढे अमेरिकेत स्टॅनफोर्डला गेले. अनेक अँटेना एकत्र वापरून संदेश पाठवायची कल्पना त्यांनी मांडली, ती आज मोबाईल आणि वायफायमध्ये सगळीकडे आहे. नातवाला म्हटलं, "ज्या फोनवरून तू मला सोनार म्हणजे काय विचारलंस, त्या फोनमध्येही सोनारवाल्या माणसाची विद्या आहे." तो गप्पच झाला. मग म्हणाला, "आबा, हे अहवालात घालता येणार नाही, पण भारी आहे."

तर मला खटकलं ते हे. मसुद्यात एक वाक्य होतं. देशादेशांमधला वाढता तणाव हा या बाजाराच्या वाढीला अनुकूल घटक आहे, असं काहीसं. मी खाली लाल रेघ मारली. व्याकरण चुकलेलं नव्हतं. वाक्य खरंही आहे. पण भीती वाढली की धंदा वाढतो, ही गोष्ट "आनंदवार्ता" या सदरात कशी काय लिहायची?

बाजाराची रीत पाहा. शेजाऱ्याने पाणबुडी घेतली की आपण सोनार घ्यायचा. आपण सोनार घेतला की तो आणखी गुपचूप चालणारी पाणबुडी घेणार. की आपण आणखी लांबचं ऐकणारा सोनार. विक्रेता तोच राहतो. फ्रान्सने पाकिस्तानला हंगोर विकली, नंतर अगोस्टा जातीच्या पाणबुड्या विकल्या, आणि आपल्याला स्कॉर्पीन दिल्या. त्या सहा पाणबुड्या आपल्या माझगाव डॉकमध्येच बांधल्या. पहिली कलवरी २०१७ साली नौदलात आली, सहावी वागशीर २०२५ च्या जानेवारीत. पाकिस्तानने आता चीनकडून आठ पाणबुड्या घ्यायचं ठरवलं, आणि त्या नव्या वर्गाचं नाव काय ठेवलं? हंगोर! नावं विसरली जात नाहीत. आपणही खुकरी हे नाव पुन्हा एका युद्धनौकेला दिलं होतं. १९८९ ते २०२१ ती सेवेत होती. आता ती दीवला आहे, थोरल्या खुकरीच्या स्मारकाच्या गावी.

मग काय करावं? विकत घेऊच नये? सगळं घरीच करावं? माझ्यासारख्या म्हाताऱ्याला असं बोलायचा मोह होतो. पण तो खरा नाही. जहाजाच्या मागे लांब दोरासारखा ओढत न्यायचा सोनार असतो, पाण्याच्या तापलेल्या थराखालचंही ऐकणारा. तो आपल्या प्रयोगशाळेत बनवायचं काम वर्षानुवर्षं चाललं आणि वेळेवर जहाजांवर पोहोचलं नाही. शेवटी २०१४ साली जर्मनीच्या अॅटलास कंपनीशी सहा जहाजांसाठी करार करावा लागला. मधली सगळी वर्षं आपली मोठी जहाजं त्या कानाशिवाय फिरत होती. स्वदेशीच्या अभिमानानेही माणूस बहिरा होऊ शकतो. घरचं बियाणं चांगलंच, पण पेरणी टळून गेल्यावर हाती आलं तर त्याचं काय करायचं?

माझं म्हणणं वेगळं आहे. यंत्र बाजारात मिळतं. ते घ्यावं लागलं तर घ्यावं. पण दोन गोष्टी कुठल्याही बाजारात मिळत नाहीत. एक, आपल्या समुद्राचं ज्ञान. कुठल्या महिन्यात कुठल्या थरात पाणी किती तापतं, किती खारट होतं, तळ कसा आहे. हे आपल्यालाच वर्षानुवर्षं मोजत बसावं लागतं. कोचीच्या प्रयोगशाळेचं सागरध्वनी नावाचं जहाज १९९४ पासून हेच काम करतं. त्याच्या बातम्या येत नाहीत. मोठ्या तोफांच्या जहाजाच्या येतात.

दुसरी गोष्ट म्हणजे ऐकणारा माणूस.

माझा एक विद्यार्थी आहे. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. आईबाप ऊसतोडीला जायचे, हा आजीपाशी राहायचा. दहावी-बारावी होऊन नौदलात भरती झाला आणि नेमका सोनारवर गेला. दोनने भागायला सगळ्यात जास्त तोच विसरायचा! आता निवृत्त होऊन गावाकडे शेती करतो. मध्यंतरी घरी आला तेव्हा मी त्याला हा मसुदा दाखवला. गुप्ततेच्या गोष्टी त्याने सांगितल्या नाहीत आणि मीही विचारल्या नाहीत. पण म्हणाला, "सर, समुद्र लई बोलतो. उथळ पाण्यात कोळंबीची एक जात अशी तडतडती, जणू तव्यावर मोहरी टाकलीय. पाऊस पडला तरी खाली ऐकू येतो. त्या सगळ्या गलक्यातून एक बारीक आवाज वेगळा काढायचा असतो. मशीन सांगतं काहीतरी आहे. ते काय आहे, हे माणसालाच सांगावं लागतं."

मी विचारलं, "आणि चुकलं तर?"

तो म्हणाला, "सर, वर दीड-दोनशे माणसं झोपलेली असत्यात."

मग बराच वेळ कुणी बोललं नाही. चहा गार झाला. जाताना म्हणाला, गावात लग्नात डीजे लागला की तो मळ्यात निघून जातो. त्या आवाजात बसवत नाही.

मंडळी, हा मनुष्य अहवालात कुठेही नाही. खर्चाच्या रकान्यात "प्रशिक्षण" म्हणून असला तर असेल. पण जगातल्या कुठल्याही कंपनीचा सोनार घ्या, शेवटी त्याच्यासमोर रात्रपाळीला असाच कुणीतरी बसलेला असतो. आमच्याकडचा असेल तर ऊसतोड करणाऱ्याचा पोरगा. त्याला नववीत ध्वनीचा धडा कुणी नीट शिकवला होता का, शाळेत विज्ञानाची जागा भरलेली होती का, हाही देशाच्या संरक्षणाचा प्रश्न आहे. माझ्यासारख्या बी.ए.ने शिकवून भागलं, पण नेहमी भागेलच असं नाही.

चित्र बदललं आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या विशाखापट्टणम, मोरमुगाव, इंफाळ आणि सुरत या चार विनाशिकांवर भारत इलेक्ट्रॉनिक्सचा सोनार आहे. त्याच गोदीतल्या स्कॉर्पीन पाणबुड्यांना मात्र फ्रेंच कान आहेत. जून २०२५ मध्ये उथळ पाण्यातल्या पाणबुड्या शोधणारी अर्नाळा ही नौका नौदलात आली. अशा एकूण १६ ठरल्या आहेत. अर्नाळा म्हणजे आपल्या वसईजवळचा किल्ला, १७३७ साली चिमाजी आप्पांच्या काळात मराठ्यांनी बांधलेला. इतिहासाच्या मास्तराला याहून काय हवं!

आणि आपण आता विक्रेतेही झालो आहोत. म्यानमारच्या नौदलाला आपण सोनार विकले, टॉर्पेडो विकले. नातू हे अभिमानाने सांगत होता. मलाही आधी अभिमान वाटला. मग आठवलं, की २०२१ साली तिथल्या लष्कराने निवडून आलेलं सरकार मोडून सत्ता घेतली. सोनार काही माणसांवर चालवायचं हत्यार नव्हे, हे कबूल. पण बाजारात दुकान मांडलं की गिऱ्हाइकाचं तोंड पाहावं लागतं, आणि नेहमी पाहवतंच असं नाही. उद्या आपल्या सोनारमुळे कुणाची तरी खुकरी बुडू शकते. किंवा वाचू शकते. विक्रेत्याला दोन्हींचे पैसे सारखेच.

आणि जे जीव गिऱ्हाईकही नाहीत आणि विक्रेतेही नाहीत, त्यांचं काय? मार्च २००० मध्ये बहामा बेटांवर देवमासे आणि त्यांच्या जातीचे १७ प्राणी किनाऱ्यावर येऊन पडले. चौकशीत अमेरिकेच्याच नौदलाच्या सोनारकडे बोट गेलं. ते बिचारे ऐकूनच जगतात. त्यांच्या घरात आपण ओरडलो.

नातवाला मी हे सगळं फोनवर सांगितलं. पोरगं गुणी आहे, ऐकून घेतलं. म्हणालं, "आबा, पटतंय. पण गिऱ्हाईक हे विचारत नाही. त्याला आकडा हवा असतो." त्याचंही खरं आहे. त्याचं पोट त्या आकड्यावर आहे. मी म्हटलं, "आकडा दे. पण एक ओळ घाल, की हा बाजार वाढतो तेव्हा जग सुखी असतंच असं नाही. आणि आकड्यात न मावणाऱ्या गोष्टी दोन आहेत, स्वतःच्या समुद्राची ओळख आणि ऐकणारा माणूस." त्याने घातली म्हणे. साहेबांनी ठेवली की काढली, अजून कळलेलं नाही.

मसुद्याच्या शेवटच्या पानावर मी सवयीने शेरा लिहिला : "अक्षर सुवाच्य. उत्तर अपूर्ण. दोनने भागलेले नाही." नातवाला त्याचा अर्थ विचारावा लागला. आवाज सुटतो तेव्हा अर्धंच अंतर झालेलं असतं, बाळा. तो ज्यांच्यापर्यंत पोहोचतो तिथून परत येईपर्यंत गणित पुरं होत नाही. अहवालात फक्त जाणारा आवाज आहे.

असो. फार लांबलं. तुमच्यापैकी कुणाच्या घरचं कुणी नौदलात किंवा व्यापारी जहाजावर असेल, तर त्यांना हे वाचून दाखवा आणि माझं कुठे चुकलं असेल तर मोकळेपणाने कळवा. मास्तर चुकतात, आणि सांगितलं तर दुरुस्तही करतात. पुढच्या वेळी शब्द दिल्याप्रमाणे आजीच्या उकडशेंगोळ्यांवर लिहीन. अक्का, नक्की.